बंद कारखान्याचा हिवाळा: आर्डेन पोप आणि हवेच्या प्रदूषणावरचं संशोधन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदूषित हवेने माणसांचं आयुष्य कमी होतं, हे आज शाळकरी मूलही सांगेल. पण हे कुणीतरी मोजून दाखवावं लागलं, आणि दाखवल्यावर वर्षानुवर्षं त्याची राखणही करावी लागली. त्या कामात आर्डेन पोप हे नाव पुन्हा पुन्हा येतं. त्यांच्या संशोधनाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एका पोलाद कारखान्याची गोष्ट मी मुद्दाम सावकाश सांगितली आहे. ती नीट कळली की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आर्डेन पोप कोण? ते डॉक्टर आहेत का?

नाहीत, ते अर्थशास्त्रज्ञ आहेत. अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या प्रोव्हो शहरात ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे, तिथे ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. डॉक्टरेट आयोवा स्टेट विद्यापीठाची, आणि सुरुवातीचा अभ्यास शेती आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थकारणाचा.

हे ऐकून लोक चमकतात. मला मात्र यातच त्यांच्या कामाची किल्ली सापडते. डॉक्टरांपुढे एका वेळी एक रोगी असतो. दम लागलेलं मूल आईच्या कडेवर येतं. त्याला थंडी बाधली, सर्दी छातीत उतरली की हवेने घात केला, हे त्या एका मुलाकडे बघून कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तीच मुलं तारीखवार मांडली, शेजारी त्या त्या दिवशीची हवा मांडली, की जे एकेकट्या रोग्यात दिसत नाही ते रकान्यांत दिसू लागतं. असे रकाने लावणं आणि त्यातून फसवे धागे वेगळे काढणं हे अर्थशास्त्रज्ञाचं रोजचं काम असतं.

पोलाद कारखान्याची गोष्ट नेमकी काय आहे?

यूटा खोऱ्याच्या पूर्वेला वॉसॅच पर्वताची भिंत आहे आणि पश्चिमेला यूटा सरोवर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सरोवराकाठी मोठा पोलाद कारखाना उभारला, तो जिनिव्हा स्टील. युद्धानंतर तो युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीकडे गेला. हजारो घरांची चूल त्याच्यावर पेटत होती, आणि खोऱ्यातल्या हवेत सर्वाधिक धूलिकण सोडणाराही तोच होता.

हिवाळ्यात या खोऱ्यात एक गोष्ट घडते. एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते, ती वर चढते आणि धूर घेऊन जाते. बर्फ पडल्यावर आणि आभाळ निवळल्यावर हे उलटं होतं: थंड जड हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. खाली जे सोडाल ते खालीच फिरत राहतं, कधी कधी सलग कित्येक दिवस.

१ ऑगस्ट १९८६ रोजी कामगार आणि व्यवस्थापनाच्या तंट्यात कारखाना बंद पडला. तेरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, नव्या मालकांच्या हाती तो पुन्हा सुरू झाला. म्हणजे कोणीही न ठरवता एक प्रयोग घडून गेला होता. एक हिवाळा कारखाना चालू, पुढचा बंद, त्याच्या पुढचा पुन्हा चालू. माणसं तीच, डोंगर तेच, दवाखाने तेच, बदलला तो धूर. त्यातच खोऱ्यातल्या लिंडन गावी एप्रिल १९८५ पासून १० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा, लहान धूलिकणांची मोजणी सुरू झालेली होती. हे मोजमाप वर्षभर उशिरा सुरू झालं असतं, तर आधीचा हिवाळा हातातून निसटला असता.

पोप यांनी एप्रिल १९८५ ते फेब्रुवारी १९८८ या काळात श्वसनाच्या आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या नोंदी मिळवल्या आणि हवेच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यात धूलिकणांचं प्रमाण बंद हिवाळ्याच्या जवळपास दुप्पट होतं. मुलांच्या भरतीचा आकडा दुपटीपासून तिपटीपर्यंत गेलेला. ज्या महिन्यांची सरासरी हवेच्या दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) किंवा त्याहून जास्त होती, त्या महिन्यांत मुलांच्या भरतीत ८९ टक्के आणि प्रौढांच्या भरतीत ४७ टक्के वाढ दिसली. हा निबंध १९८९ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये आला.

तो हिवाळा सौम्य असेल, म्हणून मुलं कमी आजारी पडली असतील. हे कशावरून नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि पहिल्याच निबंधात त्याचं उत्तर आहे. कारखाना बंद होता त्या हिवाळ्यात हवा उलट जास्त कोंडलेली होती. वारा कमी, झाकण घट्ट. नुसत्या हवामानाचा खेळ असता तर त्याच वर्षी प्रदूषण वाढायला हवं होतं. ते निम्म्यावर आलं.

मग पोप यांनी शेजाऱ्यांकडेही पाहिलं. यूटा राज्याच्या उत्तर भागात कॅश खोरं आहे. तिथे हिवाळा आणखी कडक आणि धूम्रपान यूटा खोऱ्यापेक्षा जास्त, पण धूलिकण खूपच कमी. थंडी किंवा सिगारेट हे कारण असतं तर कॅश खोऱ्यातली माणसं जास्त आजारी पडायला हवी होती. घडलं उलटं: लोकसंख्येच्या मानाने श्वासनलिकेचा दाह आणि दमा यांसाठीची भरती यूटा खोऱ्यात कॅशच्या सुमारे दुप्पट होती, आणि कारखाना बंद असताना हे अंतर बरंच मिटलं. शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांची भरती यूटा खोऱ्यात कारखाना चालू असताना दुप्पट झाली. शेजारचं सॉल्ट लेक आणि कॅश या दोन्ही खोऱ्यांत तसा चढउतार दिसला नाही. १९९१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका आकड्यापेक्षा अशी शेजाऱ्याची साक्ष मला जास्त पटते.

धूम्रपानाचा हिशेब कसा केला?

यूटा खोऱ्यातली बहुसंख्य वस्ती मॉर्मन पंथाची, आणि त्या पंथात तंबाखू वर्ज्य. त्यामुळे एरवी अशा अभ्यासात सगळ्यात जास्त गोंधळ घालणारी गोष्ट इथे मुळातच थोडी होती. शिवाय पाच वर्षांच्या मुलांनी सिगारेट ओढायचा प्रश्नच नव्हता.

विषाणूची साथ आली असेल, असं काही जण म्हणत होते ना?

म्हणत होते. लहान मुलांच्या छातीत उतरणारा आरएसव्ही नावाचा विषाणू काही हिवाळ्यांत जोर करतो, आणि भरतीचा चढउतार त्यानेच झाला असा आक्षेप छापूनही आला. आक्षेप घेणं गैर नव्हतं, विज्ञान असंच पुढे सरकतं. पण साथ मानली तर तिने नेमके कारखान्याचे वेळापत्रक कसे पाळले आणि शेजारची खोरी का वगळली, हे सांगावं लागतं. त्याच खोऱ्यातल्या प्राथमिक शाळांच्या हजेरीपटांतही प्रदूषणाची खूण सापडली. महिनाभराच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅमची वाढ झाली की गैरहजेरी सुमारे ४० टक्क्यांनी वाढत होती. पुढे मृत्यूच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पाच दिवसांच्या सरासरीत तेवढीच वाढ झाली की मृत्यू १६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्या मृतांत मुख्य भरणा मोठ्या माणसांचा, लहान मुलांचा नव्हे.

आकडे ठीक, पण प्रयोगशाळेत कुणी हे सिद्ध केलं का?

केलं, आणि या सगळ्या कहाणीत मला सर्वांत भिडणारा भाग हाच आहे.

धूलिकण मोजायची जुनी रीत अगदी साधी आहे. तंतूंचा पांढरा गाळणकागद घ्यायचा. ठराविक तापमान आणि ठराविक आर्द्रतेच्या खोलीत तो ठेवायचा, मग नाजूक तराजूवर तोलायचा. यंत्रात बसवून चोवीस तास त्यातून हवा ओढायची. पुन्हा त्याच खोलीत ठेवून पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक भागिले ओढलेली हवा, झालं. अशा मोठ्या यंत्रातून दिवसभरात साधारण १६०० घनमीटर हवा जाते. घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम इतकी वाईट हवा असली, तरी दिवसाअखेर कागदावर जमते ती जेमतेम पाव ग्रॅम धूळ. चिमटीत धरायला गेलं तर नीट धरताही येणार नाही. पण कागद बघितला की डोळे उघडतात, कारण सकाळी पांढरा ठेवलेला कागद काजळलेला निघतो.

लिंडनचे हे कागद कोणी टाकून दिले नव्हते. दहाएक वर्षांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते मिळवले. कारखाना बंद पडण्याआधीचे, बंद असतानाचे आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचे असे तीन गट केले. कागदावरची धूळ पाण्यात उतरवून तिचा अर्क काढला. तो आधी माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर टाकला, मग उंदरांच्या फुफ्फुसात सोडला, आणि शेवटी निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसाच्या एका छोट्या भागात दुर्बिणीतून सोडला. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आलं. कारखाना चालू असतानाच्या धुळीने दाह जास्त झाला, बंद वर्षाच्या धुळीने कमी. चालू वर्षांच्या अर्कात धातूंचं प्रमाणही जास्त होतं.

यातली बारीक गोष्ट सांगतो. चालू वर्षांत धूळ जास्त होती हे तर माहीतच होतं. इथे धुळीची मात्रा सारखी ठेवून तुलना केली, तरीही फरक पडला. म्हणजे धुळीच्या वजनाबरोबर ती कशाची बनली आहे यालाही महत्त्व आहे. पोप यांनी रुग्णालयाच्या वह्यांत जे वाचलं, तेच दहा वर्षं कपाटात पडलेल्या कागदांनी सांगितलं.

पीएम १० आणि पीएम २.५ यांत काय फरक?

पीएम म्हणजे हवेतले कण, आणि हे आकडे कणाच्या व्यासाचे आहेत, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाची चाळण चुकवून श्वासमार्गात उतरतात, आणि २.५ पेक्षा लहान कण पार तळाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जमिनीवरून उडणारी माती बहुधा जाडसर असते. कोळसा, डिझेल, लाकूड असं काही जळलं, किंवा धुरातल्या वायूंपासून हवेतच कण तयार झाले, की ते बारीक असतात. डोळ्याला जाडी धूळ खुपते, जिवाला बारीक.

धूळ जाते फुफ्फुसात, मग हृदयविकार कसा होतो?

सुरुवातीला संशोधकांनाही हेच कोडं पडलं होतं, कारण मृत्यूच्या दाखल्यांवर दम्यापेक्षा हृदयाचे आजार जास्त दिसत होते. आज निदान तीन वाटा ठाऊक आहेत. वायुकोशांत दाह झाला की त्याचे संदेश रक्तात उतरतात, रक्त गुठळ्या धरायला सोपं होतं आणि धमन्यांच्या भिंतीवरचे थर वाढतात किंवा फुटतात. दुसरी वाट मज्जासंस्थेची: कणांनी श्वासमार्ग चाळवला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारा तोल बिघडतो. तिसरी, अगदी सूक्ष्म कण आणि त्यांतले विरघळणारे पदार्थ थेट रक्तात शिरतात.

२००६ मध्ये पोप आणि सहकाऱ्यांनी यूटातल्या सुमारे १३ हजार रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. या सगळ्यांची अँजिओग्राफी झालेली होती, त्यामुळे कोणाच्या धमन्या कशा आहेत हे कागदावर होतं. बारीक धूलिकण १० मायक्रोग्रॅमने वाढले की हृदयाचा रक्तपुरवठा तुटण्याच्या तातडीच्या घटना ४.५ टक्क्यांनी वाढत होत्या. धोका मुख्यतः आधीच धमन्या रोगट असलेल्यांना होता.

‘सहा शहरांचा अभ्यास’ म्हणजे काय?

यूटात काही दिवसांत किंवा महिन्यांत होणारा परिणाम दिसला. पण वर्षानुवर्षं तीच हवा घेतली तर काय होतं, याला दुसऱ्या पद्धतीचा अभ्यास लागतो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत पुन्हा गंधक असलेला कोळसा जास्त जाळावा लागेल अशी धास्ती होती. त्या पार्श्वभूमीवर हार्वर्ड विद्यापीठात बेंजामिन फेरिस आणि फ्रँक स्पायझर यांनी १९७४ मध्ये मोठं काम हाती घेतलं. ओहायो नदीकाठचं पोलादाचं स्टुबेनव्हिल, विस्कॉन्सिनमधलं छोटं पोर्टेज, कॅन्ससचं टोपीका, बॉस्टनजवळचं वॉटरटाऊन, सेंट लुईसचा एक भाग, आणि टेनेसीतलं किंग्स्टन-हॅरिमन अशी सहा गावं निवडली. ८,१११ प्रौढांची फुफ्फुसं तपासली. सिगारेट, शिक्षण, वजन, नोकरीतली धूळ हे सगळं विचारून ठेवलं, आणि १४ ते १६ वर्षं त्यांचा माग ठेवला.

डग्लस डॉकरी, आर्डेन पोप आणि इतरांचा निबंध डिसेंबर १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. स्टुबेनव्हिलमध्ये बारीक धूलिकणांची सरासरी २९.६ मायक्रोग्रॅम, पोर्टेजमध्ये ११. धूम्रपान आणि बाकी सगळ्या गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत मळक्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराच्या १.२६ पट निघालं. सहाही शहरं बारीक धूलिकणांच्या क्रमाने मांडली, तर मृत्यूचा दरही जवळजवळ त्याच ओळीत चढत जात होता.

२६ टक्के जास्त म्हणजे शंभरातले सव्वीस जण मेले असा अर्थ आहे का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. सारख्या वयाची, सारख्या सवयींची माणसं दोन गावांत घेतली आणि ठराविक काळात स्वच्छ गावात १०० मृत्यू झाले, तर मळक्या गावात १२६ होतील, इतकाच अर्थ. त्या १२६ मधले हवेचे बळी कोण हे नावानिशी कुणालाच सांगता येत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘प्रदूषण’ असं कोणी लिहीत नाही. म्हणूनच हे दुःख इतकी वर्षं कुणाच्या खात्यावर मांडलं गेलं नाही.

सहा गावांवरून साऱ्या देशाचं कसं ठरवायचं?

शितावरून भाताची परीक्षा झाली खरी, पण मोठं भांडंही तपासायला हवं होतं. ते आधीच चुलीवर होतं. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या स्वयंसेवकांनी १९८२ मध्ये आपापल्या ओळखीपाळखीतल्या सुमारे १२ लाख लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. हेतू कर्करोगाचा, हवेचा नव्हे, त्यामुळे उत्तरं देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मनात प्रदूषण नव्हतंच.

त्यातले ५ लाख ५२ हजार प्रौढ आणि १५१ शहरी भाग घेऊन पोप यांनी १९९५ मध्ये हिशेब मांडला. बारीक धूलिकणांच्या बाबतीत सर्वांत मळक्या आणि सर्वांत स्वच्छ शहरांत मृत्यूच्या धोक्याचा फरक १७ टक्के निघाला. त्याच लोकांचा आणखी काही वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये पुन्हा मोजलं. बारीक धूलिकण दर १० मायक्रोग्रॅमने वाढले की एकूण मृत्यूंचा धोका सुमारे ४ टक्के, हृदय आणि फुफ्फुसाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचा ६ टक्के, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा ८ टक्के वाढत होता. पुढे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेचं प्रदूषण कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं.

या संशोधनावर एवढा वाद का झाला?

कारण त्याच्या आधारावर कायदा हलणार होता. १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५ साठी पहिल्यांदा मर्यादा ठरवली, वर्षाची सरासरी १५ मायक्रोग्रॅम. उद्योगांनी आकांडतांडव केलं. मूळ नोंदी उघड करा, अशी मागणी आली. अडचण खरी होती: ज्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले, त्यांना तुमची माहिती गुप्त राहील असा शब्द दिलेला होता.

मधला रस्ता निघाला तो मला आजही वाखाणण्यासारखा वाटतो. हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट ही संस्था निम्म्या सरकारी आणि निम्म्या वाहन उद्योगाच्या पैशावर चालते. तिने कॅनडातल्या डॅनिएल क्रूस्की यांच्या नेतृत्वाखाली वेगळा गट नेमला. मूळ संशोधकांनी गुप्ततेची हमी घेऊन त्यांच्यापुढे सगळ्या नोंदी ठेवल्या. त्या गटाने नोंदी पहिल्यापासून तपासल्या, गणितं नव्याने केली, मूळ संशोधकांनी न तपासलेल्या शक्यताही लावून पाहिल्या. २००० मध्ये अहवाल आला आणि सहा शहरं आणि कॅन्सर सोसायटी या दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष टिकले. एक नवी गोष्टही कळली: कमी शिकलेल्या लोकांत धोका जास्त होता. हे वाचून मन खट्टू होतं, पण ते पुढे आलं हे बरं झालं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की हवेची मर्यादा ठरवताना फक्त लोकांचं आरोग्य पाहायचं, खर्च नाही. वर्षाची मर्यादा पुढे २०१२ मध्ये १२ वर आली आणि २०२४ मध्ये ९ वर.

किती प्रदूषण चालेल? सुरक्षित पातळी कोणती?

ज्या पातळीखाली धोका संपतो अशी रेघ अजून कुणाला सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये वर्षाची सरासरी १० मायक्रोग्रॅम सुचवली होती, २०२१ मध्ये ती निम्मी करून ५ केली.

पोप यांनी इथे एक फार उद्बोधक तुलना केली आहे. माणूस दिवसाला साधारण १८ घनमीटर हवा घेतो. हवेत २० मायक्रोग्रॅम धूलिकण असतील तर दिवसाचे झाले ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा. एका सिगारेटमधून मात्र सुमारे १२ मिलिग्रॅम कण छातीत जातात, वीस सिगारेटींचे २४०. धूर सहाशे पटींहून जास्त, पण हृदयाचा धोका काही सहाशे पट होत नाही. कणांची मात्रा आडवी आणि धोका उभा मांडला तर रेषा सुरुवातीला चढणीसारखी उभी जाते आणि पुढे पठारासारखी होते. थोड्या धुरानेच हृदयाचं बरंच नुकसान होऊन चुकतं. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर घेणारी माणसं याच चढणीवर मधे कुठेतरी बसतात. फुफ्फुसाच्या कर्करोगाची चाल वेगळी आहे. तिथे मात्रेबरोबर धोका जवळपास सरळ रेषेत वाढत जातो.

यातून एक आशेची गोष्टही निघते. जिथे हवा आधीच बरी आहे, तिथे ती आणखी सुधारली तरी माणसांच्या पदरात काहीतरी पडतं.

हवा सुधारली तर आयुष्य खरोखर वाढतं का?

वाढतं, आणि तेही मोजलं आहे. पोप, माजिद इझ्झती आणि डॉकरी यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या ५१ महानगरांतले २११ जिल्हे घेतले. १९८० च्या सुमाराची हवा आणि आयुर्मान एकीकडे, २००० च्या सुमाराची दुसरीकडे. मधल्या काळात सगळीकडेच आयुर्मान सरासरी २.७ वर्षांनी वाढलं होतं, त्याला औषधं, सुबत्ता, सिगारेट सोडणं अशी अनेक कारणं. ती बाजूला काढल्यावर दिसलं की जिथे बारीक धूलिकण १० मायक्रोग्रॅमने घटले, तिथे आयुर्मान सुमारे ०.६१ वर्षाने, म्हणजे सात महिन्यांनी जास्त वाढलं. एकूण वाढीतला १५ टक्क्यांपर्यंतचा वाटा हवेचा असावा, असा त्यांचा अंदाज.

सात महिने ऐकायला थोडे वाटतात. पण ही सरासरी आहे, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांची. काहींना काहीच मिळालं नसेल, काहींना नातवंडं मोठी होताना बघायला मिळाली असतील.

मग कारखाने बंदच करायचे का?

रोजगार गेला की घरात आजारपण दुसऱ्या दाराने शिरतं, त्यामुळे हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण यूटातल्या त्या हिवाळ्याने कारखाना बंद करा असं सांगितलं नाही. त्याने एवढंच दाखवलं की पोलादाच्या किमतीत जो खर्च कधी धरला जात नव्हता, तो खोऱ्यातली मुलं रुग्णालयात जाऊन भरत होती. खर्च दिसला की तो कमी करण्याची तंत्रं निघतात: चिमणीवर गाळणी, भट्टीची झाकणं, स्वच्छ इंधन. १९७० ते २०२० या काळात अमेरिकेत सहा मुख्य प्रदूषकांचं एकत्रित उत्सर्जन ७८ टक्क्यांनी घटलं, आणि त्याच काळात अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी वाढली.

मास्क लावून भागतं का?

नीट बसलेला एन-९५ मास्क बारीक कण बऱ्यापैकी अडवतो, साधा कापडी मास्क फारसा नाही. हवा फार वाईट असेल त्या दिवशी, विशेषतः हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर, तो लावावा आणि बाहेरचे श्रम टाळावेत. पण तान्ह्या बाळाला मास्क लावता येत नाही आणि झोपेत तो कुणालाही नकोसाच होतो.

मला काहीच त्रास होत नाही, मग मी काळजी का करावी?

वाढलेला रक्तदाबही दुखत नाही. सहा शहरांतल्या बहुतेक माणसांनाही रोज काही जाणवत नसणार. हवेचा घाव एकदम बसत नाही, तो धमन्यांत वर्षावर्षाने साचत जातो आणि एखाद्या कोंडलेल्या दिवशी वर येतो. तरी खोकला, धाप, छातीत दाब असं काही होत असेल तर प्रदूषणावर ढकलून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं?

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये तो कायमचा थंडावला, कंपनीचं दिवाळं निघालं आणि भट्ट्या, चिमण्या पाडून टाकल्या. त्या जागेवर आता व्हाइनयार्ड नावाचं गाव भराभर वाढतं आहे. घरं आहेत, शाळा आहेत. हिवाळ्यात खोऱ्यावर अजूनही झाकण बसतं, पण त्याखाली आता मुख्यतः गाड्यांचा धूर आणि घरं तापवण्याचा धूर साचतो. त्या धुराला एकच मालक नाही, त्यामुळे कामगारांच्या तंट्याने तो तेरा महिने बंद पडण्याची शक्यताही नाही. तो घटला की किती मुलं रुग्णालयात जायची वाचतात, हे आता त्याच खोऱ्यातल्या नोंदींतून, आणखी बारकाईने, मोजावं लागतं.